रशियातल्या स्थळाची चौकशी

माझ्या मुलीला कळंबहून जे स्थळ सांगून आलं, त्यातला मुलगा रशियात फुटबॉलच्या संघाचा मॅनेजर होता. मध्यस्थ होते माझ्या नणंदेचे दीर. मुलगा पंचायत समितीत क्लार्क आहे, असं सांगावं तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं. मी चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच राहिली. हा माणूस कोणाला तरी फसवतो आहे आणि बहुतेक आपल्यालाच, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार.

मी दारव्हा आगारात एसटीची कंडक्टर आहे, तेव्हा संशय हा माझ्या नोकरीचाच भाग. ओठावर मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन अर्धं तिकीट मागणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. पंचाहत्तरीच्या वरच्यांना प्रवास फुकट झाला तेव्हा मोठ्या भावाचं आधार कार्ड घेऊन फिरणारे आणि जन्मसाल विचारलं की छताकडे पाहणारे काकाही पाहिले आहेत. खरा माणूस विचारलं तेवढंच सांगतो, हे मी गाडीत शिकले. खोटा माणूस मी तोंड उघडायच्या आधीच कुठे बसला, का बसला, कोण आजारी आहे, सगळं सांगून मोकळा होतो. माझी पद्धत सोपी आहे. कुठून बसले ते एकदा विचारायचं, मग पीकपाण्याचं बोलायचं, पुढे दोघातिघांची तिकिटं काढायची, आणि वळून पुन्हा तेच विचारायचं. खोटा असेल तर मधल्या वेळात त्याचं गाव बदललेलं असतं.

माझा नवरा याच्या अगदी उलट. आमची थोडी शेती आहे, सोयाबीन आणि तूर, ती तो पाहतो. रस्त्यावरच्या माणसाने "मी तुमच्या मामाच्या गावचा" म्हटलं की हा त्याला जेवायला घरी आणतो. मध्यस्थ गेल्यावर तो म्हणाला, "रशिया तं रशिया. पोट्टा इथलाच हाय ना."

ते लोक हिवाळ्यात पाहायला आले. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. मुलगा तिशीच्या आतबाहेरचा, उन्हाने रापलेला नाही, उलट धुऊन काढल्यासारखा गोरा पडलेला. पायऱ्या चढताना डावा गुडघा जपत होता. माझी मुलगी यवतमाळच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिने पोहे आणून ठेवले आणि सरळ समोरच्या खुर्चीत बसली.

मी विचारलं, "तुम्ही तं डॉक्टर व्हायले गेले होते म्हणे."

"हो काकू. दोन वर्षं केलं. मंग सोडलं."

"काहून?"

"जमत नव्हतं."

पुढे तो काही बोलेना. आजारपण नाही, शिक्षकांचा त्रास नाही, नशिबाचं रडगाणं नाही. माझ्याच नियमाने पाहिलं तर मुलगा खरा ठरत होता, आणि त्याचाच मला राग आला. एवढ्या लांबचा खोटेपणा करणारा माणूस तेवढं तरी शिकून आलेला असणारच, असं मी मनाला समजावलं.

मग थोडं थोडं करून त्याच्याकडून काढून घेतलं. शाळेत असताना तो जिल्ह्याकडून खेळला होता. तिकडे कॉलेज एका नदीकाठच्या लहान शहरात होतं. त्या शहराचा एक संघ होता, हा संध्याकाळी त्यांच्यासोबत खेळू लागला. कॉलेज सुटलं, संघ सुटला नाही. पुढे गुडघा गेला. त्याच सुमाराला संघ वरच्या लीगमध्ये जायची तयारी करू लागला, आणि त्या लीगमध्ये बाहेरच्या देशातले खेळाडू चालत नाहीत. तेव्हा त्यांनी याला आधी सराव घ्यायला ठेवलं आणि नंतर मॅनेजर केलं.

"म्हणजे खेळू देत नाहीत, पण खेळणाऱ्यायवर हुकूम सोडू देतात," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

माझ्या नवऱ्याने कौतुकाने विचारलं, की टीम किती मोठी आहे, टीव्हीवर दिसते का. मुलाने सांगितलं, सगळ्यात वर प्रीमियर लीग, ती टीव्हीवर दिसते. तिच्याखाली फर्स्ट लीग. तिच्याखाली सेकंड लीग. देश अवाढव्य असल्यामुळे सेकंड लीगचे चार विभाग केले आहेत, नाहीतर एका सामन्यासाठी आठवडाभर रेल्वेत बसावं लागेल. त्याच्याखाली हौशी लीग, तीही विभागवार. यांचा संघ त्या हौशी लीगमध्ये.

"म्हणजे शेवटून पहिली," मी म्हटलं.

"तिच्याही खाली गावागावाच्या आहेत, काकू."

"मंग तुमचा नंबर कितवा येते तिथं?"

"मागच्या हंगामात पहिला आला."

"मंग वर गेले असान."

"नाही गेलो."

पोह्याच्या बशीतले चमचे थांबले. त्याची आई जमिनीकडे पाहू लागली. यावर याआधीही कुठेतरी बोलणी खाल्ली आहेत हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मुलाने सांगितलं, की पहिलं येऊन चालत नाही. वर जायला परवाना लागतो, तसं मैदान लागतं, दिवे लागतात, लांबलांबच्या प्रवासाचा खर्च लागतो. संघ चालवणाऱ्या मालकाने नको म्हटलं. मी विचारलं, मग दुसरा नंबर आला तो वर गेला का. तो म्हणाला, त्यांनीही नको म्हटलं. त्या वर्षी त्यांच्या विभागातून कोणीच वर गेलं नाही.

आमच्या आगारात बढतीची परीक्षा होते तेव्हा पहिला आलेला जागा मिळेपर्यंत साहेबाचं डोकं खातो. पहिला आला आणि खालीच बसून राहिला, असा माणूस मी पाहिलेला नव्हता. मला वाटलं, आता याला धरलाच.

त्यातच मामांनी लग्नाची घाई काढली. फाल्गुनाच्या आत बार उडवून टाकू म्हणाले. तिकडचा हंगाम बर्फ वितळलं की सुरू होतो आणि थंडी पडली की संपतो, म्हणून मुलाला फक्त हिवाळ्यात सुट्टी. आमच्याकडे लग्नं उन्हाळ्यात होतात, हातात पीक आलेलं असतं, शाळांना सुट्ट्या असतात. थंडीत लग्नाची घाई ज्यांना असते त्यांच्याकडे काहीतरी झाकायचं असतं, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. शिवाय त्या सुमारास रोज बातम्या येत होत्या. नोकरीच्या नावाने पोरांना रशियात नेतात आणि लढाईत ढकलतात. शेजारच्या बाईने पाहुण्यांच्या चपला दारात असतानाच मला येऊन हे ऐकवलं.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात मुलीला विचारलं, काय वाटलं.

"मले पसंत हाय."

"कायले?"

"जेवढं विचारलं तेवढंच सांगते तो," ती म्हणाली आणि कपबशा विसळू लागली.

आमच्यात मुलाची चौकशी करायची म्हणजे त्याच्या गावात जायचं. न्हाव्याकडे बसायचं, किराणा दुकानात काहीतरी फालतू घ्यायचं, देवळाबाहेरच्या फुलवालीला विचारायचं. मी यातलं काही केलं नाही. मी वाहतूक नियंत्रकाला सांगून यवतमाळवरून पुढे कळंबला जाणारी फेरी मागून घेतली. गाडीत अख्खं कळंब बसतं, आणि कंडक्टरला कोणालाही काहीही विचारता येतं. चतुर्थीला चिंतामणीच्या दर्शनाला जाणाऱ्या बाया सोडल्या, त्यांना गर्दीत सुचत नाही. बाकी ज्याने कळंबचं तिकीट मागितलं त्याला मी विचारलं, की कोणत्या गल्लीत राहता, आणि मग अमक्यांना ओळखता का.

घराबद्दल कोणी वाईट बोललं नाही. बाप शिक्षक होता, वारला. आई कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. पोराबद्दल मात्र प्रत्येकाचं वेगळं. एक म्हातारी म्हणाली, "पोट्टा लाख हाय बाई. पण डॉक्टर व्हायले गेलता अन् बॉल घेऊन आला." दाढी करून देणारा एक जण म्हणाला, की इथे आला की सकाळी मैदानात एकटाच फिरतो, स्वतःशी बोलतो आणि हातवारे करतो. आणि एका बाईने तिकीट पर्समध्ये ठेवता ठेवता माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "तिकडं बायको असन त्याची. नसन तं इतके वर्षं कोण राह्यते बर्फात?"

ते वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं. मी घरी येऊन जाहीर केलं, की घाई चालणार नाही. पुढच्या हिवाळ्यात या. तेव्हाही सगळं असंच असेल तर बघू. नवरा म्हणाला, असं वर्षभर कोणी थांबत नसतं, पोट्टी घरात बसून राहील. मुलीने एका शब्दाने वाद घातला नाही, आणि मला तेही संशयास्पद वाटलं.

वर्षभर ते दोघं फोनवर बोलत. मी गच्चीवर वाळवण उचलायला जायच्या निमित्ताने ऐकून घेई. प्रेमाबिमाचं काही नव्हतं. ती त्याला कुठल्या पेशंटची नस सापडत नव्हती ते सांगायची, तो तिला कोणत्या पोराने पेनल्टी वाया घालवली ते सांगायचा. असलं बोलायला माणसं एवढा वेळ कसा घालवतात, मला समजत नव्हतं.

मी माझ्या परीने धागा शोधत होते. आमच्या आगारातल्या एका ड्रायव्हरची मुलगी रशियात डॉक्टरकी शिकून परत आली होती, तीही पूर्ण करून. यवतमाळला एका खाजगी दवाखान्यात ती काम करते. एकदा माझी गाडी यवतमाळला लागली होती तेव्हा मी तिच्याकडे गेले. म्हटलं, "पोरी, तुले फुटबॉलचं काही समजते का?" ती म्हणाली, होस्टेलची सगळी मुलं तेच पाहायची, कानावर पडलं तेवढं समजतं. मी विचारलं, तिकडच्या सेकंड लीगचे विभाग किती.

ती बोटांवर मोजत म्हणाली, "पाच. आमचं शहर ज्या विभागात होतं तो वेगळा, अन् पूर्वेकडचा एकदम वेगळा. पाचच होते, काकू."

त्याने चार सांगितले होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला एवढा आनंद झाला, की मी बाहेरच्या गाडीवरून ढोकळा घेतला आणि उभ्यानेच खाल्ला. ज्या देशात वर्षातले बहुतेक महिने राहतो तिथलं त्याला धड सांगता येत नाही. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, मुलीलाही नाही. हिवाळा येऊ दे म्हटलं.

हिवाळ्यात तो आला, तो एकटाच. सोबत काळा, आंबूस पाव आणला होता. माझ्या नवऱ्याने तो ठेच्यासोबत खाल्ला आणि चांगला आहे म्हणून पुन्हा मागितला. मी तुरीचं विचारलं, त्याच्या आईच्या तब्येतीचं विचारलं, यवतमाळच्या रस्त्याचं विचारलं, आणि मग चहा देता देता म्हटलं, "ते तुमच्या सेकंड लीगचे विभाग किती म्हणत होते तुम्ही?"

"आता तसं राह्यलं नाही, काकू. आता तिचे दोन मजले केले. वरचा अ, खालचा ब. अ मधात पुन्हा सोनेरी गट अन् चंदेरी गट, हंगामाच्या मधातच खालचे वर अन् वरचे खाली होतात. ब मधात चार विभाग. आम्ही यंदा ब मधात चाललो."

मी कप खाली ठेवला. माझा आवाज चढला, तो मला स्वतःलाही ऐकू आला. "मागच्या साली सोनं नव्हतं, चांदी नव्हती, मजले नव्हते. अन् तिकडं शिकून आलेली डॉक्टरीणबाई पाच विभाग म्हणते. तुम्ही मागच्या साली वर जाता येत नाही म्हणले, अन् यंदा निघाले. दर साली नवं सांगान तं आम्ही काय समजाचं?"

"ती होती तवा पाचच होते. मंग चार झाले. आता असं. ते बदलवत राहतात. अन् यंदा नगरपालिकेनं मैदानाले दिवे लावून दिले, म्हणून वर जाता आलं."

"म्हणजे तुम्ही सांगान ते."

त्याने मी खाली ठेवलेला कप स्वतःच उचलला. माझी मुलगी दाराशी उभी होती, तिने त्याची बाजू घेतली नाही. नवरा पाव चावायचा थांबला होता. मी म्हटलं, तिकडच्या कोणाशी तरी माझं बोलणं करून द्या. पण तुम्ही मध्ये नको. तुम्ही त्यांचं मला आणि माझं त्यांना काय सांगाल ते मला कसं समजणार? दुभाषी मी आणणार.

त्याने एक नंबर दिला. संघाच्या मैदानाशेजारी एक म्हातारी राहते, खेळाडूंचा स्वयंपाक तीच करते, कपडे तीच धुते, आणि तिच्याच घरात वरच्या खोलीत हा राहतो.

रविवारी दुपारी मी ड्रायव्हरच्या त्या डॉक्टर मुलीच्या खोलीवर गेले. तिने व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी डोक्याला रुमाल बांधून बसली होती, मागे चुलीवर मोठं भगोणं होतं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मीही तिला तसंच पाहिलं.

मी बोलायला तोंड उघडलं तर तिनेच आधी सुरू केलं. डॉक्टर मुलगी ऐकत गेली आणि तिला हसू आवरेना. "काकू, ती विचारून राह्यली, त्याचं तिकडं आधीच लग्न तं झालं नाही? तिथं सगळ्याईले वाटते, की दर हिवाळ्यात तो बायकोलेच भेटाले जाते."

मी म्हटलं, "तिले सांग, इथं सगळ्याईले तेच उलटं वाटते."

ते ऐकून म्हातारी हसली नाही. तिने मान हलवली, तिला ते पटलं असावं. पण म्हातारी त्याच्याच घरची झाली, ती त्याचंच सांगणार. मी डॉक्टर मुलीला म्हटलं, तिला फोन घेऊन बाहेर जायला सांग. म्हातारीने कोट चढवला, कुरकुरत बाहेर आली. सगळीकडे बर्फ, मध्ये एक मोकळा पांढरा तुकडा, त्याच्या कडेला नवे दिव्याचे खांब. एक माणूस फावड्याने बर्फ ओढत होता. मी म्हटलं, त्याला थांबव. म्हातारीने काही सांगायच्या आत तूच विचार, इथल्या संघाचा मॅनेजर कोण.

डॉक्टर मुलीने विचारलं. त्या माणसाने फावडं टेकवलं आणि फोनमध्ये डोकावला. भारतातला आहे म्हणाला. पायऱ्या हळू उतरतो. जिंकलो तरी ओरडतो. मी म्हटलं, विचार, मागच्या वर्षी त्यांचा नंबर कितवा आला होता. पहिला, तो म्हणाला, आणि पुढे कितीतरी वेळ बोलत राहिला. त्याच्या तोंडातून वाफा निघत होत्या, फावडं आपटत होतं. डॉक्टर मुलगी म्हणाली, "शिव्या हायेत, काकू, सगळ्या सांगत नाही. म्हणते, पहिले आलो अन् मालकानं वर जाऊ दिलं नाही. मॅनेजरले मोठ्या शहरातून बोलावणं आलतं, तो गेला नाही. म्हणे, या पोरायले घेऊनच वर जाईन."

हे त्याने आमच्याकडे कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

म्हातारीने फोन स्वतःकडे वळवून घेतला. आता तिच्या मनातलं यायचं होतं. ती म्हणाली, तो परत येईल ना याची तिला खात्री नाही. लग्नाचं नाव काढून गेलेली माणसं येत नाहीत. संघ पहिल्यांदा वर चालला आहे, आणि नेमका आत्ता तो गेला. म्हणून तिने त्याचे चांगले बूट आणि जाड कोट कपाटात कुलूप लावून ठेवले आहेत, तो पातळ जॅकेट घालूनच विमानतळावर गेला. तिने विचारलं, की तुमच्या मुलीला थंडी सोसते का, आणि ती त्याला रडून परत तर नाही नेणार. मग तिने आणखी एक सांगितलं, तेवढं सांगताना तिचा आवाज जरा खाली आला. डॉक्टर मुलीने ते माझ्याकडे न बघता सांगितलं.

"म्हणते, मुलीच्या आईले हे सांगितलं पाह्यजे. आतापर्यंत हौशी लीग होती, तं हिवाळाभर सुट्टी राहे. आता वर गेले. आता हिवाळ्यात दक्षिणेकडं सराव शिबिरं राहतीन. आता दर हिवाळ्यात येणं होणार नाही."

कॉल संपला. डॉक्टर मुलीने फोन ठेवला आणि खूश होऊन म्हणाली, "काकू, सगळं खरं हाय. एकही गोष्ट खोटी नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. पाच विभाग कळले तेव्हा झाला होता तसा तर नाहीच, पण थोडा तरी. झाला नाही. तिने चहा विचारला, मी नको म्हटलं. दारव्ह्याच्या गाडीत मी खिडकीशी प्रवासी म्हणून बसले, कंडक्टर ओळखीची होती, ती काहीतरी बोलत होती आणि मी हं हं करत होते. सोयाबीन निघून गेलेली काळी वावरं, तुरीचे हिरवे पट्टे, कापसाच्या उभ्या पराट्या, सगळं रोजचं मागे जात होतं. मी एकच करू शकत होते. घरी जाऊन सांगायचं, की नाही पटलं. म्हातारी गोलमाल बोलते. डॉक्टर मुलगी काही माझ्या घरी येऊन सांगणार नव्हती. माझ्या शब्दावर घरात कोणी शंका घेत नाही, कारण शंका घ्यायचं काम माझं आहे. बोदेगावपर्यंत मी ते वाक्य मनात नीट बसवत होते.

घरी पोचले तेव्हा मुलगी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. नवरा वावरात होता. तिने मान वर केली आणि विचारलं, "काय म्हणली ती?"

मी चप्पल काढली. पाय धुतले. ती वाट पाहत होती, पण घाई करत नव्हती.

"खरा हाय तो," मी म्हटलं.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अन् आता हिवाळ्यात सुट्टी नाही म्हणे त्याले. वर गेले ना. तुह्यं येणं होणार नाही."

"माहीत हाय. त्यानं सांगतलं मले."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू मंग ऐकूनच घेतलं नसतं, आई. तुले धरून बसाले एक कारण भेटलं असतं."

मी पायरीवर बसले. माझ्या तोंडून जे निघालं ते निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. "मले तो खोटा निघाला पाह्यजे होता."

"तेही माहीत होतं," ती म्हणाली. "तू एक वर्ष थांबाले लावलं तवाच समजलं."

"मंग वर्षभर मले कायले चौकश्या करू दिल्या? कळंबच्या गाडीत, दवाखान्यात. तू आडवी झाली असती तं तुह्या बापानं तुलेच साथ दिली असती."

तिने शेंगांची टोपली बाजूला सरकवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज लॅबमध्ये पेशंटशी बोलते तसा साधा होता. "मी तिकडं राहीन, आई. तुले फक्त फोन येईन. मी म्हणीन बरी हाय, अन् तू रोज म्हणशीन, खोटं बोलून राह्यली, दुःखात असन, सांगत नसन. मले ते नव्हतं पाह्यजे. त्याचं तू खरं धरलं तं माह्यंही धरशीन. धरशीन ना?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्या घरात तशी पद्धत नाही, आणि माझे हात ओले होते. मी टोपली पुढे ओढली, एक शेंग उचलली आणि सोलता सोलता म्हटलं, "हो."